हळद प्यालेली गाडी

खडकीवाडी, ता. पाटण
५ एप्रिल २०२५

चि. वीरधवल यास आजीचे अ. उ. आ.

तुझ्या पलटणीच्या ठाण्यावर फोन लागत न्हाई, म्हणून लिहिते. अक्षराला हसू नकोस, चौथीपर्यंत शिकलेल्या बाईचं हाय.

कराडला तुझ्या दीपमालाला डॉक्टरीणबाईंना दाखवून येताना आपली पांढरी गाडी खिंडीत वाफ सोडून बसली. रेडिएटर आधीपासून गळत होता. गळती थांबवायला तुझ्या आबांनी त्यात मूठभर हळद ओतली, कुणा ट्रकवाल्यानं सांगितलं म्हणून. तीही तुझ्या सासऱ्यांनी सांगलीहून पाठवलेली, मी लोणच्याला राखलेली! गळती थांबली आणि पाणी फिरायचंही थांबलं. आता अर्जुना मिस्त्री म्हणतो, हेड गॅस्केट गेलं, म्हणजे इंजिनाच्या झाकणाखालची पट्टी, आणि पाणी ऑइलात उतरलं. ऑइलची काडी ओढून दाखवली, तर ताक लागलेलं. मी म्हटलं, जिरं घाल, कढी होईल.

हसण्यावारी नेते, पण ऐक. तुझ्या बायकोला नववा लागलाय आणि बीपी चढलाय. थोरल्याच्या वेळी तिला झटके आलेले तू विसरला नसशील. डोकं दुखलं की वाट बघायची न्हाई, निघायचं, असं बाईंनी बजावलंय. रुग्णवाहिका खिंडीपलीकडून येणार, वाडीत दुसरी गाडी न्हाई. कराडात खोली घेऊ म्हटलं, तर ही थोरल्याला सोडून हलत न्हाई. काय करायचं ते लिही. आबा रातचं उठून गाडीपाशी जाऊन बसतात. ते तसे बसले की मला लय भ्या वाटतं.

तुझा लोभ हायच, यंदा तो लवकर पाठव.

तुझी आजी शालूबाई


१४ एप्रिल

ती. आजीस सा. न. वि. वि.

पत्र वाचलं आणि ताट तसंच ठेवलं. मी इथं पलटणीच्या गाड्या दुरुस्त करतो आणि घरची उभी.

गाडी अजिबात चालू करू देऊ नकोस. हेड, म्हणजे ते झाकण, उतरवून कराडला मशिनवर घासून सपाट करून आणायला सांग, वाकड्या हेडवर नवं गॅस्केट टिकत नाही. रेडिएटर खोलून हळद काढायची. बोल्ट मधल्यापासून कडेकडं, थोडे थोडे, फेऱ्या घेत आवळायचे. अर्जुनाला घाई फार, तू शेजारी बस. तुझ्या तोंडापुढं तो घाई करणार नाही. घाटात उष्णतेचा काटा चढलाच तर हीटर पूर्ण लावा, इंजिनाची उष्णता आत येते.

दीपमालाला सांग, मी घाबरलेलो नाही. तुला खरं सांगतो, आज एकच चाक तीनदा तपासलं.

आशीर्वादाचा हात तिच्या डोक्यावर आधी ठेव, मग माझ्या.

तुझा वीरधवल


१७ एप्रिल

ती. आजीस सा. न. वि. वि.

एक सांगायचं राहिलं, काल रात्रभर तेच डोक्यात होतं. या जुन्या इंजिनाला एकदा तापवून, पूर्ण गार झाल्यावर बोल्ट पुन्हा आवळावे लागतात. नवं गॅस्केट दबतं, बोल्ट ढिले पडतात. त्याआधी खिंड चढू नका. गॅस्केट वाटेतच फुटेल. हे पत्र वेळेत पोचू दे.

तुझा वीरधवल


खडकीवाडी
२८ एप्रिल

चि. वीरधवल यास आजीचे अ. उ. आ.

मुलगी झाली. दोघी बऱ्या हायत. आता बसून पुढचं वाच.

अर्जुनानं गाडी जोडली. मी बाजूला बसले होते, म्हणून तो दिवसभर कुरकुरत होता. दुसऱ्या दिवशी भाकऱ्या थापतानाच दीपमाला म्हणाली, डोकं फुटतंय, डोळ्यापुढं चांदण्या दिसतायत. अर्जुनाला हाक मारून गाडी चालवायला बसवला, तिला मागं घातली आणि निघालो.

खिंड चढताना काटा चढला. हीटर लावला. एप्रिलातलं ऊन, त्यात ती भट्टी! दीपमाला म्हणाली, मला भाकरीसारखं भाजताय व्हय. मी म्हटलं, करपलीस तर तुझ्या बाला पाठवीन. ती बोलत राहावी म्हणून वाटेल ते बोलत होते. एका वळणावर तिनं उत्तर द्यायचं सोडलं. तवा मी गाडीला शिव्या द्यायचं थांबवलं आणि देवाला दिल्या. काटा लाल रेघेच्या जरा खाली टेकून राहिला. त्याच्याकडं बघत कराड आलं. दवाखान्याच्या दारातच तिला झटका आला, आणि आत नेलं.

परत आलो तर तुझं दुसरं पत्र उंबऱ्यात पडलेलं. गार गाडीवर अर्जुनाला पाना लावायला लावला. म्हटलं, घट्टच असतील, पोरगं उगं भ्यालंय. पहिला बोल्ट वळला. दुसरा वळला. सगळे वळले रं.

मी तिथंच मातीत बसले. आबांनी तांब्या आणला. प्यायच्या आधी मी आत बघितलं, हळद न्हाई ना.

दीपमालाला बोल्टचं कळू देऊ नकोस. लोभ आवळून ठेव.

तुझी आजी शालूबाई