हळदीकुंकवातला कॅप्टन

कोपर, डोंबिवली (प.)
२७ जानेवारी २०२५

ती. स्व. चित्राआत्यास,
सा. न. वि. वि.

तर मग जुगारच की तो, असं तू काल म्हणालीस आणि तेवढ्यात तुझा कुकर झाला, म्हणून माझं उत्तर अर्धवट राहिलं. फोनवर सांगितलं असतं, पण तुझा नियम! फोन फक्त ‘पोचले’ सांगायला. बाकी सगळं मराठीत, हाताने लिहून, आणि ऑफिसला जाता-येता पोस्टमन आमचे बाबा. बाबा म्हणतात, डब्यातली भाजी सांडून तुमचा पत्रव्यवहार पिवळा झाला तर मला बोलायचं नाही.

तर ऐक. फँटसी गोल्फ म्हणजे आपण घरबसल्या सहा खेळाडूंची टीम करायची. ते तिकडे खरं खेळतात, इकडे आपल्याला पॉइंट्स. त्यातला एक कॅप्टन, त्याचे पॉइंट्स डबल. काही जण फुकट खेळतात, टाइमपास म्हणून. काही जण पैसे लावतात, ते आहेच, खोटं कशाला बोलू. पण दोघंही आधी आमच्या स्पोर्ट्सच्या साइटवर येऊन प्रिव्ह्यू, म्हणजे स्पर्धेआधीचा अंदाज, वाचतात, आणि ह्या वेळी तो मी लिहितेय! माझ्या नावाने! आमचे एडिटर जगन सर वागळे इस्टेटच्या ऑफिसात सगळ्यांसमोर म्हणाले, सह्याद्री ओपन हेमांगीची. मी वॉशरूममध्ये जाऊन नाचून आले.

कोर्स पुण्याच्या पुढे, डोंगरउतारावर आहे. दुपारी वारा सुटतो, म्हणजे पहिल्या दिवशी सकाळी खेळणारे फायद्यात. दोन्ही बाजूंना झाडी, मधे चिंचोळी हिरवळ, म्हणून लांब मारणाऱ्यापेक्षा सरळ मारणारा घ्यायचा. माझा कॅप्टन राघो भोईर. चाळिशी उलटलीय, पोट सुटलंय, पण त्याचा बॉल म्हणजे ऑफिसातून घरी निघालेले बाबा. कुठे वळतच नाही.

आपल्या ऋतुदादाला मी अजून कुठेच ठेवलेलं नाही. चिडू नकोस. मागच्या सीझनला त्याचं कार्ड गेलं, म्हणजे वर्षभर खेळायचा हक्कच गेला. आता आयोजकांनी बोलावलं म्हणून खेळतोय. मग त्याचा फॉर्म काय लिहू? तू आई आहेस, रोज बघतेस. सध्या कसा आहे गं तो?

लोभ आहेच, फक्त माझ्या ऱ्हस्व-दीर्घामुळे कमी करू नकोस.

तुझी
हेमांगी

---

पाचपाखाडी, ठाणे
३० जानेवारी

चि. हेमांगीस, आत्याचे भरभरून आशीर्वाद.

अक्षर सुधारले आहे. ‘पॉइंट्स’ला ‘गुण’ असा चांगला शब्द आहे, पण असू दे. मधूला सांग, पत्र कोरडे पोचले.

काल माझे संक्रांतीचे हळदीकुंकू झाले. बायका जमल्यावर मी तुझे पत्र मोठ्याने वाचून दाखवले. जुगाराचा मुद्दा मी मागे घेतला, कारण फुकट खेळता येते हे ऐकताच शेजारच्या शुभदावहिनींनी सुनेला हाक मारली आणि तिने एकेकीच्या फोनवर ते अ‍ॅप घालून दिले. वाणाला मी स्टीलचे डाव आणले होते. डाव घ्यायचा, तिळगूळ घ्यायचा आणि ऋतुराजला कॅप्टन करायचे, असा क्रमच पडला. उरलेले पाच खेळाडू कोण, हे कोणी पाहिलेसुद्धा नाही. तुझ्या राघोला कोणी विचारले नाही. शुभदावहिनींनी कल्याणच्या आपल्या भजनी मंडळालाही कळवले आहे, आणि त्या मंडळातल्या बायका ऐकून गप्प बसणाऱ्या नव्हेत.

आता तू विचारलेस म्हणून सांगते, पण घरातच ठेव. त्याचे डावे मनगट दुखते आहे. तांब्या उचलायचा तर उजवा हात पुढे करतो. घरी पट्टी बांधून बसतो आणि सरावाला जाताना बाही खाली ओढतो. आयोजकांना त्याने काही सांगितलेले नाही. ही जागा गेली तर पुन्हा कोण बोलावणार? पहिल्या दहात आला तर पुढच्या स्पर्धांची दारे उघडतील, एवढ्यावर त्याचे सगळे वर्ष आहे. मी त्याला थांब म्हटले नाही. म्हणायला हवे होते का, कळत नाही. कॅप्टन मात्र मीही त्यालाच केले. दुसऱ्या कोणाला करू?

जेवणाच्या वेळा पाळ. माया आहे तशीच आहे.

तुझी
चित्राआत्या

---

कोपर
३ फेब्रुवारी

ती. स्व. चित्राआत्यास,
सा. न. वि. वि.

आत्या, तुझ्या डावांनी माझी वाट लावली! हसू येतंय आणि रडूही.

कुठल्या खेळाडूला किती टक्के लोकांनी घेतलं, तो आकडा अ‍ॅपवर सगळ्यांना दिसतो. आपल्याकडे गोल्फवाले मुळात मूठभर. त्यात तुमच्या सोसायटीच्या बायका, त्यांच्या जावा, नणंदा आणि वर अख्खं भजनी मंडळ. ऋतुदादा तळातून उडी मारून थेट राघो भोईरच्या खाली येऊन बसलाय. आता जे पैसे लावतात ना, ते लोक वेडे नसतात, ते असे आकडेच बघत असतात. त्यांना वाटलं, ठाण्याकडच्या लोकांना आतली काहीतरी खबर असणार. मग त्यांनी पण त्याला घ्यायला सुरुवात केली. खबर कसली, तिळगूळ!

आज जगन सरांनी बोलावलं. म्हणाले, हा पोरगा कोण, एकदम एवढा का चाललाय, ह्याच्यावर मस्त एक पॅरा टाक, छुपा रुस्तम वगैरे. मी म्हटलं, सर, तो माझा आतेभाऊ आहे. तर म्हणाले, अरे वा, मग तर तुला आतलं माहीत असेल!

माहीत आहे ना, तोच लोचा आहे. छुपा रुस्तम लिहिलं तर मी वाचणाऱ्यांना सरळ सरळ गंडवतेय. मनगटाचं लिहिलं तर आयोजक वाचणार आणि दादाची जागा जाणार. आणि तू मला ते प्रिव्ह्यूसाठी नाही सांगितलंस, भाची म्हणून सांगितलंस. पण विचारलं मी प्रिव्ह्यूसाठीच होतं गं. दादाला फोन केला, तर तो कोर्सवर पोचलाय, मजेत आहे म्हणाला. मनगटाचं विचारायची माझी हिंमत झाली नाही.

उद्या संध्याकाळपर्यंत लेख द्यायचाय. बाबांच्या हाती लगेच उत्तर पाठव, प्लीज.

रागावलीस तरी चालेल, पण माझीच राहा.

हेमांगी

---

ठाणे
४ फेब्रुवारी

चि. हेमांगीस आशीर्वाद.

मधू समोर चहा पीत बसला आहे आणि मी घाईने लिहिते आहे. ऋतुराजला छुपा रुस्तम म्हणू नकोस, माझे काही म्हणणे नाही. हवे तर त्याचे नावही घालू नकोस. पण मनगटाचे लिहू नकोस. कोण कुठली माणसे खेळाडूंवर पैसे लावतात, त्यांच्यासाठी माझ्या मुलाचे दुखणे चव्हाट्यावर का? क्लबच्या टेनिस कोर्टांमागे पोरे जमवून, जुन्या काठीने चेंडू मारत हा मुलगा खेळ शिकला. गोल्फचे चोचले आपल्याला परवडत नाहीत असे त्याच्या बाबांनाही वाटायचे. तरी तो इथवर आला.

तू खोटे लिहावेस असे मी सांगणार नाही. आयुष्यभर शाळेत शिकवले, आता भाचीला खोटे लिही असे सांगू शकत नाही. पण गप्प राहणे आणि खोटे बोलणे यांत फरक आहे, असे मला आज वाटते आहे. आज वाटते आहे, एवढेच म्हणते.

मधूचा चहा संपला. काळजी घे, आणि माझी काळजी समजून घे.

आत्या

---

कोपर
५ फेब्रुवारी

ती. स्व. चित्राआत्यास,
सा. न. वि. वि.

लेख आज सकाळी आला. तू तो वेबसाइटवर वाचणार नाहीस आणि शुभदाकाकू अर्धाच वाचून दाखवतील, म्हणून दादाबद्दलचा पॅरा इथे उतरवते:

‘ऋतुराजच्या नावापुढचा मोठा आकडा बघून त्याला घेणार असाल तर थांबा. तो माझा आतेभाऊ आहे. तो आकडा माझ्या आत्याच्या हळदीकुंकवातून आलाय. तिथे जमलेल्या बायकांनी तिळगूळ खाऊन त्याला कॅप्टन केलंय, कुठल्याही खबरीवरून नाही. त्यांचं प्रेम खरं आहे, पण प्रेमाला फॉर्म समजू नका. घरचा माणूस असल्यामुळे मी त्याला रेटिंग देत नाही आणि माझ्या टीममध्येही घेत नाही. कॅप्टन राघो भोईरच.’

जगन सर आधी म्हणाले, हळदीकुंकू काय गं, गोल्फचा प्रिव्ह्यू आहे हा. मग स्वतःच हसले आणि जसाच्या तसा सोडला. खाली कमेंट्स धमाल आहेत. एकाने विचारलंय, आत्या पुढचं हळदीकुंकू कधी करणार, आम्हीही येतो.

मनगटाचं लिहिलं नाही. तुझा शब्द ठेवला. ऋतुदादाला लिंक पाठवलीय. त्याने नुसता अंगठा पाठवला, तो डावा की उजवा ते कळलं नाही.

उद्या सकाळी त्याचा पहिला राउंड. मी ऑफिसात कानात इअरफोन घालून बसणार. तू देव पाण्यात ठेवले असशील, तर राघोलाही थोडी जागा दे.

तुझीच
हेमांगी

---

ठाणे
७ फेब्रुवारी

चि. हेमांगीस आशीर्वाद.

फोनवर बोलले असते तर आवाज चढला असता, म्हणून पत्रच बरे.

ऋतुराज काल रात्री घरी आला. तुझा लेख त्याने बुधवारी दुपारी सरावाच्या जागेवर बसून वाचला. हळदीकुंकवाला खूप हसला म्हणे. मग उठला आणि आयोजकांकडे जाऊन मनगट दाखवून आला. तिथल्या डॉक्टरांनी दाबून पाहिले. त्यांनी खेळू नकोस म्हटले नाही आणि खेळ असेही म्हटले नाही. यानेच नाव मागे घेतले. त्याच्या जागी राखीव यादीतला आर्यन म्हणून कोणी मुलगा खेळतो आहे. मी ऋतुराजला विचारले, कोणी विचारले नव्हते तर सांगायला कशाला गेलास? तर म्हणाला, आई, हेमाने अर्धे लिहिले होते, उरलेले मी सांगितले.

पुढे कोणी बोलावेल का, ठाऊक नाही. आयोजक त्याच्याशी चांगले बोलले, पण चांगले बोलण्याने जागा मिळत नाही. आज सकाळी तो पट्टी उघडी ठेवून चहाला बसला, तेवढे मात्र मला बरे वाटले.

बुधवारी संध्याकाळी मी सगळ्यांना कळवले होते की तो खेळणार नाही, कॅप्टन बदला, नाहीतर शून्य मिळेल. शुभदावहिनी म्हणाल्या, कॅप्टन आजारी पडला म्हणून कोणी बदलतं का हो? एकीनेही बदलला नाही. सगळ्याजणी शून्य घेऊन बसल्या आहेत, आणि संध्याकाळी त्याला बघायला चकल्या घेऊन येणार आहेत.

मी रागावलेली नाही, असे लिहिणार होते. थोडी आहे. तुझ्यावर की माझ्यावर, ते ठरले की कळवीन. तोवर येत जा. राग आणि जेवण दोन्ही वेगळी असतात.

तुझी
आत्या

---

कोपर
९ फेब्रुवारी

ती. स्व. चित्राआत्यास,
सा. न. वि. वि.

राग असू दे, मी जेवायला येतेच आहे. हे पत्र उद्या बाबा आणतील, मी मागाहून.

आज शेवटचा दिवस, आणि राघो भोईर पहिल्या नंबरवर आहे. जगन सरांनी सकाळीच मेसेज केला, काय प्रिव्ह्यू लिहिलास, पुढची स्पर्धा पण तुझीच. आठवड्यापूर्वी मी ह्यावर किती नाचले असते. आज नुसतं ‘थँक्यू सर’ लिहिलं.

कारण लेखाखाली कालपासून एक कमेंट आहे. कोणीतरी वाचक आहे. पैसे लावले नव्हते, भांडतही नाहीये. त्याने एवढंच विचारलंय, ‘मॅडम, तुम्ही हळदीकुंकवाचं खरं सांगितलंत म्हणून तुमच्यावर विश्वास बसला. तो मनगटामुळे बाहेर पडला असं वाचलं. तुम्हाला आधी माहीत होतं का?’

दादाला दाखवलं. तो म्हणाला, लिही ना ‘हो’, आता लपवायचं काय राहिलंय. त्याच्यासाठी सोपं आहे, तो जाऊन सांगून मोकळा झाला. माझं तसं नाहीये. तुला मी लिहिलं की तुझा शब्द ठेवला, आणि ते मलाही खरं वाटत होतं. पण आत्या, मलाही तो खेळायला हवा होता. पट्टी बांधून, बाही ओढून, कसाही. पहिल्या दहात यायला हवा होता. तेव्हा गप्प राहिले ती तुझ्यासाठी, त्याच्यासाठी, की खरं लिहायची वेळ आली आणि मी घाबरले, हे मला आता वेगळं करून सांगता येत नाहीये. नुसतं ‘हो’ लिहिलं की पुढचा प्रश्न येणारच, मग का नाही लिहिलंत?

तू एवढी वर्षं मुलांची उत्तरं तपासलीस. आता माझंही तपास. प्रेम कमी न करता सांग, त्या माणसाला मी काय उत्तर देऊ?

तुझी
हेमांगी