सात नंबरची पाठ

सोमवार, २ सप्टेंबर १९७४
लागली बाप्पा नोकरी! उमरेडच्या कोष्ट्याची पोरगी आता वाडीच्या क्रीम कारखान्यात तपासनीस. बसमध्ये चढताना आईनं तीनदा विचारलं, तिथं करशील काय वं? सोपं आहे. नव्या क्रीममधल्या सुगंधी अर्कानं कातडीला ॲलर्जी होते का, ते पाहायचं. वस्तीतल्या बाया राजीखुशीनं येतात, भिंतीकडे तोंड करून नंबराच्या स्टुलावर बसतात अन् पाठ उघडी करतात. मी अर्काची पट्टी चिकटवते. सोमवार, बुधवार, शुक्रवार, असे तीन आठवडे. मग दोन आठवडे सुट्टी आणि शेवटी नव्या जागी एक पट्टी. खरा निकाल तिचाच. काहीच नाही तर शून्य, लाली आली तर एक, सूज दोन, फोड तीन. लाजेपायी कोणी वळून पाहत नाही. चेहऱ्याऐवजी पाठी ओळखायला शिकावं लागेल.

बुधवार, ११ सप्टेंबर
बारा नंबरची तारा भारी हसरी. पट्टी लावताना गुदगुल्या होतात म्हणते. सात नंबरवाली मात्र एक शब्द बोलत नाही, हलत नाही. पाठ गारेगार. दरवेळी शून्य. अशी गुणी बाई मिळायला नशीब लागतं.

शुक्रवार, २० सप्टेंबर
ताराच्या पाठीवर सूज. मी दोन लिहिणार, तोच आमचे साहेब भैय्याजी आले. म्हणाले, ही सूज पट्टीच्या गोंदानं आली, क्रीम दिवाळीआधी दुकानात पाहिजे, शून्य लिहा. राग असा आला की कान तापले. तरी लिहिलं. नोकरी जाईल म्हणून लिहिलं. शेवटच्या पट्टीनं ताराचं आणखी बिघडेल, हे कळत असून लिहिलं. लाज वाटते स्वतःची.

सोमवार, ७ ऑक्टोबर
शेवटच्या पट्ट्या लावल्या. तारालाही.
दारात अंजनाबाई हजेरीला बायांचे अंगठे घेते. तिच्या कागदावर सातपुढं जागा कोरी. विचारलं, ही बाई अंगठा काहून देत नाही? अंजनाबाई म्हणाली, पोरी, सातवा स्टूल तर रिकामाच राहते. मागच्या खेपेला तिथं वच्छला बसायची. तिलाही सूज होती. आधीच्या मुलीनं शून्य लिहिलं. शेवटची पट्टी लागली अन् गळाच सुजला. दवाखाना गाठेपर्यंत गेली बिचारी.

मंगळवार, ८ ऑक्टोबर, दुपार
रजिस्टर पाहिलं. सातपुढं सगळी शून्यं. अक्षर माझं. मेलेल्या कातडीला लाली येत नसते — देवा, मी दरवेळी तिला हात लावत होते —
भैय्याजींना सातव्या स्टुलाचं सांगितलं. म्हटलं, ताराची पट्टी आत्ताच काढू. म्हणाले, भुताखेताचं बोलायचं तर उमरेडची बस पकडा. नोकरी गेली चुलीत. मी निघाले ताराकडे.

संध्याकाळ
तारा ठणठणीत! भाकरी थापत होती. तिथंच रडले मी. ती हसायला लागली. म्हणे, काहून रडून राहिल्या मॅडम, सकाळीच तर तुम्ही येऊन पट्टी काढून नेली. हात किती गार होते तुमचे.
सकाळी मी कारखान्यात होते.

रात्र, खोलीवर दिवा लावला आहे
पाठीत मधोमध काहीतरी ओढल्यासारखं — हात पोचत नाही. आरशाकडे पाठ करून पाहिलं. पट्टी आहे. कोणी लावली — मी कुठं बसले होते —
आग होते आहे. शेजारच्या कांताबाईंना हाक मारली. आवाज निघाला नाही. गळा —
टेबलावर रजिस्टर. मी आणलं नव्हतं. उघडंच. माझं नाव, आजची तारीख. पुढं शून्य. अक्षर माझं.
खोटं आहे. फोड आलेत, बोटांना लागतात कडेचे. खोडते. खरं लिहिते. तीन — शाई धरत नाही — पुन्हा शून्यच — इथं तरी लिहिते, कोणी वाचलं तर — माझा निकाल तीन, ताराचा दोन, वच्छलाचा ती