वरून सोडलेला खडू

सर, परवा माझी भाची शिक्षिका म्हणून रुजू होतेय. काल तिनं विचारलं, "मावशी, पहिल्या दिवशी काय सांभाळू?" इतकी वर्षं शिकवून निवृत्त झालेली बाई मी, पण डोळ्यांपुढे आला तो तुमचा उघडा तळहात. तुम्हाला जाऊन वीस वर्षं होऊन गेली आणि मी अजून भिते. तुम्हाला नाही, माझ्याच उजव्या हाताला.

तो पाठ तुम्हाला आठवायचं कारण नाही. बहात्तरचा दुष्काळ सरून दोनेक वर्षं झाली होती. मी साताऱ्याला अध्यापक विद्यालयात शिकत होते आणि आमचे सराव पाठ तपासायला तुम्ही वर्गात मागे बसायचात, मांडीवर वही घेऊन. फौजेतून परतलेल्या आमच्या आबांनी उंब्रजच्या स्टँडवर बजावलं होतं, "एक पाठ जरी नापास झालीस तर सरळ घरी. लगीन लावून मोकळा हुतो." म्हणून मी सगळी तयारी चोख केली होती. हजेरीतली आडनावंसुद्धा आधी वाचली होती आणि कोण कुठल्या वस्तीतलं ते मनात लावूनही टाकलं होतं. तुमचं तर पहिल्याच दिवशी लावलं होतं.

तिसरीचा भूगोल. फळ्यावर जिल्ह्याचा नकाशा. कृष्णा-कोयनेचा संगम कोण दाखवेल, असं मी विचारते आणि दारापाशी बसलेली एक मुलगी उठून येते. ओंजळ करून, हात खाली धरून उभी राहते. मी खडू वरून सोडते. तो तिच्या बोटांना लागून फरशीवर पडतो, दोन तुकडे होतात. "म्या न्हाई पाडला, बाई," ती म्हणते. तुम्ही बघताय हे मला दिसतं आणि मी तिच्यावरच खेकसते, "नीट धरता येत नाही का?" तिनं तुकडा उचलला आणि कराडपाशी दोन्ही नद्या समोरासमोर आणून बरोबर मिळवल्या.

आमच्या स्वयंपाकघराच्या मागच्या दाराशी खालच्या वस्तीतल्या बाया ताक न्यायला यायच्या. आई म्हणायची, "वरनं वत गं, शिवू नगंस." सहा-सात वर्षांची असल्यापासून मी ओतत आले. एक थेंब सांडत नाही म्हणून घरात माझं कौतुक व्हायचं. त्या मुलीलाही तशी ओंजळ धरायला कुणीतरी शिकवलं असणार, हे मला फार उशिरा सुचलं.

मुलं घरी गेल्यावर तुम्ही वही मिटलीत, पुढे आलात आणि हात पसरलात. "बाई, खडू द्या." तुमचं आडनाव तेच, जे त्या मुलीचं. माझा हात उचलला गेला आणि तुमच्या तळव्याच्या वीतभर वर थांबला. तो खाली येईना. आता हे वहीत लिहितील, मग स्टँड, मग आबा, असं सगळं डोक्यात गरगरत होतं. तुम्ही नुसते उभे होतात. "घाई न्हाई," तुम्ही म्हणालात, "पन हातात द्या."

दिला. माझी बोटं गार पडली होती, ती तुमच्या तळव्याला टेकली. "ह्ये रोज करावं लागंल, बाई. मी वहीत लिवून भागायचं न्हाई." वहीत तुम्ही लिहिलं होतंत, नकाशाचा वापर चांगला. मी पास झाले.

पुढे प्रत्येक वर्गात मी खडू मुलांच्या हातातच दिला. निवृत्तीच्या सत्कारात ही हकीकत सांगितली तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. काल भाचीलाही सांगितली. दर वेळी मी इथवरच येऊन थांबते, आणि हे पत्र कुठे जाणार नाही म्हणूनच पुढचं लिहायचं धाडस करतेय.

तुम्ही फाटकाबाहेर जाईपर्यंत मी वर्गात उभी होते. मग शाळेच्या नळावर जाऊन हात धुतला, दोनदा. खडू लागलाय, असं स्वतःला सांगितलं. पण खडू डाव्या हातालाही लागला होता, सर. तो मी धुतला नाही.