वहीतला रिकामा चौकोन

बुधवार. सकाळी दुकान उघडलं. दोन शिक्के केले, एक वकिलाचा, एक दवाखान्याचा. अकराच्या सुमारास पोलीस ठाण्यातून फोन आला. "उद्या नमुन्याची वही घेऊन या," एवढंच म्हणाले. त्यानंतर गिऱ्हाईक आलं नाही.

आप्पा, तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली. वही अजून तुमच्याच पद्धतीने ठेवतो. शिक्का गिऱ्हाइकाच्या हाती देण्याआधी पहिला ठसा वहीतल्या चौकोनात उठवायचा, शेजारी क्रमांक आणि नाव. सरकारी शिक्का असेल तर खात्याचं पत्र मागच्या बाजूला चिकटवायचं. आधी पत्र, मग रबर. वसईला कोर्टाबाहेर आपलं टेबल होतं तेव्हा नंदाखाल गावच्या एका ओळखीच्या माणसाला मी पत्राशिवाय तलाठ्याचा शिक्का करून दिला होता. तुम्ही तो त्याच्या हातातून घेतलात आणि ब्लेडने रबराचे चार तुकडे केलेत. तो चिडला. "आप्पा, शिक्के करता का सोयरीक जमवता? केवढी ती चौकशी!" तुम्ही म्हणालात, "सोयरीक मोडता येते रे. ठसा कसा मोडशील?"

दुपारी डबा उघडल्यावर माझ्याशी बोललात. कोर्टाच्या दारात बसून तुम्हाला बराच कायदा ऐकून माहीत होता. "गुन्ह्याला हात लागतो आणि मन लागतं. नुसता हात असला तर चूक म्हणता येते. माहीत असून हात चालला की झाला गुन्हा." मी विचारलं, मनातलं कोर्टाला दिसणार कसं? "माणूस काय लपवतो, त्यावरून," म्हणालात आणि केळं सोलायला घेतलंत. मला तेव्हा ते वकिलांचं ऐकून बोलल्यासारखं वाटलं होतं.

दोन वर्षांपूर्वी तुळिंजमधल्या एका बिल्डरचा माणूस दुकानात उभा आहे. नेहमीचं गिऱ्हाईक. महापालिकेत बांधकाम परवानगीवर मारतात तो गोल शिक्का हवा आहे. "काका, साहेबांचा जुना झिजलाय, त्यांनीच पाठवलं. लेटर उद्या आणून देतो ना, टेन्शन कशाला घेता?" मी क्रमांक लिहितो. शिक्का करतो. छान होतो. मग शिक्का वहीकडे नेतो आणि हात थांबतो. चौकोन रिकामा ठेवून शिक्का मी त्याच्या हातात देतो. पत्र आलं नाही. मीही मागितलं नाही.

सोमवारी एक बाई आल्या. मागच्या गल्लीतल्या सात मजली इमारतीत राहतात, शाळेत शिकवतात. इमारत बेकायदा ठरवून खाली करायची नोटीस लागली आहे, पंधरा दिवसांत. प्लास्टिकच्या पिशवीतून परवानगीचा कागद काढून त्यांनी काउंटरवर ठेवला. "भाऊ, तुम्ही शिक्क्यातले. हा खरा आहे की नाही, तुम्हाला बघून कळेल ना?"

खालच्या ओळीतली दोन अक्षरं जरा जवळ आली होती. माझी नेहमीच येतात, तुम्ही त्यावरून ओरडायचात. कडेला बारीक खाच. मी कागद उजेडात धरला, उलटा केला.

"नाही सांगता येत, बाई."

"बघा ना नीट. सासूबाई अंथरुणाला खिळल्यात हो, त्यांना घेऊन कुठे जाऊ?"

"खरंच नाही कळत."

त्यांनी आभार मानले. जाताना म्हणाल्या, कागद पोलिसांना पण दाखवणार आहे.

आता समोर वही उघडी आहे. एकेका पानावर बारा चौकोन, सगळे भरलेले, आणि मधे हा एक कोरा. दुपारपासून मी एका शाळेचा 'पोच' असा शिक्का शाई लावून हातात धरून बसलो आहे. इथे उठवून शेजारी शाळेचं नाव लिहिलं की पान भरतं. मला काही माहीत नाही, तो गोल शिक्का मी केलाच नाही, असं म्हणता येईल. वही तुमच्या काळापासूनची, तिच्यावर कोणी शंका घेणार नाही. तेच फार वाईट वाटतं.

तुम्हाला लिहिलेलं हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून यात खरं लिहितो. त्या दिवशी ठसा उठवायला मी विसरलो नव्हतो.

शाई सुकत आली होती. मी शिक्का चिंधीने पुसला, पॅडला झाकण लावलं, वही जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळली आणि दोरी बांधली.