सायकल दुकानात नेणार नाही

मंगळवार, ४ मार्च

खर्रर्र! स्वतःच्या हातांनी धुतलेली, पुसलेली, तेल दिलेली चेन — आणि पेडल मारलं की खर्रर्र. रविवारची अख्खी सकाळ घातली होती तिच्यात. काढली, रॉकेलमध्ये घासली, परत चढवली. आज कामावर जाताना सिग्नलला माणसं वळून बघत होती.

बाबा व्हरांड्यातल्या खुर्चीतून उठलेसुद्धा नाहीत. मी फाटकात शिरले तेवढ्यात निकाल — "हात दाखवून अवलक्षण! दुकानात ने ती."

दुकानात! हे कोण बोलतंय? आल्या-गेल्याला ऐकवतात, "आमच्या घराला मेकॅनिकचा पाय लागलेला नाही." इस्त्री, पंखा, सायकल — सगळं स्वतः उघडणार. पाना माझ्या हातात आला की मात्र दुकान! नेणार नाही. रविवारपर्यंत आवाज घालवते, नाहीतर पुन्हा पान्याला हात लावणार नाही — तोंडावर सांगून आले. आई म्हणाली, "कशाला गं पैजा मारता?"

बुधवार, ५ मार्च

पेडल थांबवून चाक नुसतं फिरू दिलं — गप्प. म्हणजे चाकाचा दोष नाही. पेडल मारलं — खर्रर्र. कुठलाही गिअर टाका, तेवढंच. बिघाड चेनच्या वाटेवरच कुठेतरी आहे.

बाबांना म्हटलं, एकदा वाकून बघा तरी. "बघायचं काय त्यात? कान आहेत मला." आई त्यांना पेपर मोठ्यानं वाचून दाखवत होती, हवामानासकट. हल्ली रोजचंच झालंय. काय तो थाट!

गुरुवार, ६ मार्च

पेडलं काढून ग्रीस भरलं. हात काळे, आवाज तोच. चेन ओवताना चुकणं तर शक्यच नाही — वाट आठवेना म्हणून जिन्याखालच्या बाबांच्या सायकलकडे बघून बघून ओवली होती. आणि बाबा चुकत नाहीत. हे त्यांचंच म्हणणं!

शुक्रवार, ७ मार्च

चष्म्याच्या दुकानात दिवसभर मी मुंगीएवढे स्क्रू बसवते. गिऱ्हाइकं म्हणतात, "काय नजर आहे हो तुमची!" आणि ही एवढी लांब चेन मला दाद देत नाही. बाबांचा चष्मासुद्धा मीच करून दिलाय. केव्हाचा तोच आहे. विचारलं की म्हणतात, "माझा नंबर बदलत नाही."

संध्याकाळी पुन्हा टोमणा — "नाचता येईना, अंगण वाकडं!" मीही चिडले. म्हटलं, तुमची सायकल तरी कुठे चालते? थंडीच्या सुरुवातीला स्वतः उघडली, जोडली, जेमतेम दोन दिवस फिरवली आणि जिन्याखाली लावून टाकली. का, तर गुडघा दुखतो. गच्चीवर मात्र दिवसातून तीनदा. "गच्चीवर जाताना गुडघा खाली ठेवून जाता का?" आई हसली. बाबा नाही हसले.

शनिवार, ८ मार्च

सापडलं!!

दुपारी सायकल अंगणात उलटी केली आणि पेडल हातानं फिरवत डोळ्यांत तेल घालून बसले. मागच्या गिअरखाली दोन छोट्या दातेरी चाकांचा सांगाडा लोंबतो. त्याच्या मधोमध नखाएवढी पत्र्याची जीभ आहे. चेन तिच्या आतल्या बाजूनं जायला हवी. माझी बाहेरून, तिला घासत! जिभेचा काळा रंग उडून आत चकचकीत पत्रा. कडी उघडली, चेन पुन्हा ओवली, पेडल फिरवलं. गप्प! इतकं गप्प की मीच ओरडले.

मग जिन्याखाली गेले. बाबांच्या सायकलीलाही चेन जिभेच्या बाहेरून. तिथलाही रंग उडालेला. म्हणजे चूक माझी नाहीच, मी फक्त नक्कल केली! उद्या उजेडात त्यांना दाखवणार. वाक्यसुद्धा घोटून ठेवलंय — "काय बाबा, ही पण दुकानात नेऊ का?" आठवडाभराचं वसूल!

रविवार, ९ मार्च

त्यांची सायकल अंगणात, भर उन्हात आणली. त्या जिभेवर बोट ठेवून म्हटलं, "बाबा, हे बघा." वाकले. चष्मा वरखाली केला. मग म्हणाले, "बरोबर तर आहे."

त्यांचा हात माझं बोट शोधत होता. चाकापाशी चाचपत, चांगला वीतभर पलीकडे.

आई दारात उभी होती, पेपर घेऊन. माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली. तिला ठाऊक होतं.

गुडघ्याला काही झालेलं नाही. ती खर्रर्र त्यांनीही ऐकली होती. शोधता आली नाही, म्हणून सायकल जिन्याखाली गेली. आणि मी जगाला चष्मे लावते! दिव्याखाली अंधार. रडू आलं. रागही आला, माझा आणि त्यांचाही.

घोटलेलं वाक्य गिळलं. म्हटलं, "उद्या माझ्याबरोबर दुकानात यायचं. डोळे तपासायला."

"मला काही झालेलं नाही! मी दुकानाबिकानात येणार नाही."

खाण तशी माती! पण ही माती त्यांचीच आहे. नेणार.