चारही चाकांचे ब्रेक

आप्पा, गेल्या रविवारी तुमची जीप मी उघडली. कात्रपच्या बिल्डिंगखाली, जिथे दादा तिला ताडपत्री घालून ठेवतो तिथेच. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, पण तिच्या चाकांना कोणी हात लावला नव्हता. वर्षातून दोन-चारदा गाडी बाहेर निघते, दादा ऑइल बदलतो, दसऱ्याला हार घालतो, आणि कोणी काही सुचवलं की म्हणतो, "आप्पांच्या हातची गाडी आहे, तिला दुसऱ्याचा पाना लावायचा नाय." तुमचा थोरला तुमच्याच वळणावर गेलाय, बोलण्यात तरी. आप्पांचा हात म्हणजे काय होता ते आमच्या घरात मला एकटीलाच ठाऊक आहे. शाळा सुटल्यावर कॅम्प पाचच्या गॅरेजात तुमच्या बाकड्यावर बसून मी अभ्यास करायचे, तेव्हा हा मैदानावर असायचा.

निमित्त लग्नाचं. मामाच्या नातीचं लग्न, माळशेज घाटापलीकडे. मी म्हटलं, भाड्याची गाडी करू. आईनं ऐकलं नाही. "मी ह्यांच्या गाडीनंच जाईन," म्हणाली, आणि तिनं एकदा असं म्हटलं की विषय संपतो, तुम्हाला काय सांगायचं. म्हणजे आई, दादा, वहिनी आणि दोन पोरं, सगळी तुमच्या जीपमधून घाट चढणार-उतरणार. मला झोप लागेना. कुठल्या तरी एका चाकाचा ब्रेक तुम्ही कायमचा बंद करून टाकलेला असणार, याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती. मी दादाला सांगितलं, आधी मी चारही चाकं उघडून बघणार, त्याशिवाय आई त्या गाडीत बसणार नाही. तो दोन दिवस फुगून बसला आणि मग चावी दिली.

शंका कशी असेल? तुमचं सगळं काम मी डोळ्यांनी बघितलेलं. जुना टेम्पो यायचा, इंजिन तापतंय म्हणून. कारण शोधायची तुम्हाला कधी गरजच वाटली नाही. थर्मोस्टॅट काढायचा आणि भंगारात फेकायचा, झालं काम. पाणी कधी किती फिरवायचं हे ठरवणारा तो भाग, पण तुमच्या मते कंपनीनं तो उगाचच बसवलेला. रेडिएटर गळत असला तर घरी माणूस धाडायचात आणि आईच्या डब्यातली हळद मागवायचात. रेडिएटरमध्ये मूठभर हळद, की गळती तात्पुरती बंद आणि बाकीच्या नळ्या कायमच्या बंद. आई म्हणायची, "माझ्या भाजीला नसते एवढी हळद यांच्या इंजिनांना लागते," आणि तुम्ही हसायचात. मला अजून दिसतं, मी स्वयंपाकघराच्या दारात उभी आहे, आई रिकामा डबा धुतेय, आणि तुम्ही चहा पीत गॅरेजशेजारच्या सिंधी स्पेअरपार्टवाल्याला सांगताय, "साईं, अपने हाथ में जादू है." फ्यूज उडाला की तांब्याची तार. हँडब्रेकची केबल तुटली की चाकाखाली वीट. आणि ब्रेकचं तेल एखाद्या चाकापाशी गळत असलं, तर त्या चाकाकडे जाणारा पाइप दुमडायचा, हातोड्यानं ठोकून चपटा करायचा आणि गाडी रस्त्यावर सोडायची. "तीन चाकांना ब्रेक लागतो ना? चालतंय." हा तुमचा मंत्र होता. या एका शब्दावर तुम्ही आयुष्यभर गॅरेज चालवलंत, वर उस्ताद म्हणवून घेतलंत.

दहावीत असताना मी एकदा तोंड उघडलं. तुम्ही कुणाचा तरी थर्मोस्टॅट काढत होतात आणि मी म्हटलं, तो बदलायचा असतो, काढायचा नसतो. चार गिऱ्हाइकं उभी होती. तुम्ही पाना खाली ठेवलात, माझ्याकडे बघितलंत आणि म्हणालात, "पुस्तकं वाचून गाडी चालत नाय. जा, चहा सांगून ये." सगळे हसले. मी चहा सांगून आले. आता एमआयडीसीत गाड्या तपासायची नोकरी माझी, सकाळी ट्रक बाहेर पडायच्या आधी ड्रायव्हर माझ्या सहीसाठी थांबतात. पाइप चपटा दिसला की मी तो ट्रक हलू देत नाही. मालक कुरकुरतात. "मॅडम, इतकं तर चालतं," असं कुणी म्हणालं की मला समोर तुम्हीच दिसता.

तो जीन्सवाला ड्रायव्हर आठवतो का तुम्हाला? तुम्हाला आठवत नसेल, तुम्हाला सोयीचं तेवढंच आठवायचं. कॅम्प पाचमधून जीन्सचे गठ्ठे घेऊन जायचा, मला येता-जाता "ओ इंजिनियर" म्हणून हाक मारायचा. त्याच्या टेम्पोचं मागचं डावं चाक तुम्ही असंच ठोकून बंद केलंत. तो परत आला, "उस्ताद, ब्रेक मारला की गाडी उजवीकडे ओढते." तुम्ही उठलाही नाहीत. "हळू मार ब्रेक. चालतंय." पुढच्याच आठवड्यात ओल्या उतारावर त्याची गाडी उजवीकडे फिरली आणि कठड्यावर गेली. गुडघा गेला. तुम्ही केळी घेऊन इस्पितळात गेलात, मी तुमच्यासोबत आहे, तो खाटेवर पाय बांधून पडलाय आणि तुम्ही त्याला समजावताय, "तुझा हात सैल पडला असेल स्टेअरिंगवर." त्यानं मान हलवली. उस्ताद सांगतोय म्हणजे तसंच असेल, असं वाटलं त्याला. अजून आहे तो. एका कारखान्यात स्टुलावर बसून पँटींचे सुटे दोरे कापतो. मी दिसले की अजून "ओ इंजिनियर" म्हणतो आणि तुमची आठवण काढतो, चांगली.

हे सगळं मी कसं पचवलं सांगू? मी मनाशी ठरवून टाकलं की तुम्ही अडाणी होता. कोणी शिकवलं नाही, बघून बघून उचललं, जे जमलं ते केलंत. कीव करायची आणि पुढे जायचं. मला नोकरी लागली तेव्हा तुम्ही वर्तमानपत्रात गुंडाळून दहा-अकराचा पाना दिलात, "घे, आता तू पण मेकॅनिक." मी तो ठेवला तोसुद्धा या कीवेपोटीच. आणि गेल्या रविवारी तोच हाताशी आला.

मागचं डावं चाक मी पहिलं काढलं. ब्रेकवरचा ड्रम निघाला. मागे पाइप चपटा दिसणार म्हणून मी वाकले, तर पाइप सरळ. नवा बसवलेला, दोन जागी नीट क्लिपा मारलेल्या. तेलाच्या जोरावर ब्रेक दाबणारा व्हील सिलिंडर, तोही चांगल्या कंपनीचा. मग उजवं उघडलं. तेच. पुढची दोन्ही तशीच. वयानं रबर कडक झालं होतं, तेवढं बदलावं लागलं. हँडब्रेकची केबल पूर्ण. फ्यूज जिथे जो हवा तो. शेवटी बॉनेट उघडून थर्मोस्टॅटचं झाकण काढलं, आणि आप्पा, थर्मोस्टॅट जागेवर होता.

आई तेवढ्यात पाण्याची बाटली घेऊन खाली आली. मी विचारलं, हे सगळं कोणी केलं? "कोणी म्हणजे? ह्यांनीच," ती म्हणाली. "घेतल्या घेतल्या महिनाभर उघडून बसले होते. मी म्हटलं, एवढं कशाला, इतरांचं करता तसं करा ना. तर म्हणाले, ह्यात आपली माणसं बसणार, ह्यात चालतंय-बिलतंय नको." तिनं हे अगदी अभिमानानं सांगितलं. मग माझ्या तोंडाकडे बघून म्हणाली, "काय झालं गं?" मी म्हटलं, काही नाही.

म्हणजे तुम्हाला येत होतं. काय चूक आणि काय बरोबर, कुठला भाग कशासाठी असतो, सगळं ठाऊक होतं. चार गिऱ्हाइकांपुढे मला गप्प बसवलंत तेव्हाही ठाऊक होतं. केळी घेऊन खाटेशेजारी बसलात तेव्हाही. मी तुमच्यावर अडाणीपणाची चादर घातली होती, ती तुम्हीच ओढून काढलीत. अडाणी माणसाला माफ करता येतं. तुमच्याबद्दल मला आता फक्त तिरस्कार वाटतो, आणि तो कीवेपेक्षा सोपा आहे, निदान त्यात काही समजून घ्यावं लागत नाही.

लग्न झालं. काल सगळे परत आलो, मीही गेले होते. घाटात एका वळणावर समोर म्हशी आल्या, दादानं ब्रेक दाबला आणि गाडी जराही न ओढता सरळ उभी राहिली. आई म्हणाली, "बघ, ह्यांचं काम."

हे पत्र कुठे पाठवायचं नाहीच. पण एक गोष्ट इथे लिहून टाकते, कारण ती आईला सांगता येणार नाही आणि त्या ड्रायव्हरला तर नाहीच नाही. चौथा ड्रम निघाला आणि तोही पाइप सरळ दिसला, तेव्हा मी तिथेच फरशीवर बसून राहिले, आणि आधी मला खूप बरं वाटलं. आप्पांनी आमच्यासाठी केलं, एवढंच मनात आलं. त्या ड्रायव्हरचा गुडघा मला नंतर, हात धुताना आठवला.