कमळीच्या दंडावरचा फोड

लातूर, २ मे १९८३

ती. गौरम्मा अक्कास, धाकट्या सिद्धरामचा शि. सा. न. वि. वि.

अक्का, एकच सांग. कमळीच्या डाव्या दंडावर फोड उठला का? बीसीजीची सुई टोचून दीड महिना झाला. लस लागली असेल तर एव्हाना मुगाएवढी गाठ तरी यायलाच पाहिजे. दाजींना टीबी, म्हणून तर मी स्वतः लस घेऊन उमरीला आलो. दाजी दुकानातच झोपतात ना?

इथं नव्या जिल्ह्यात नुसत्या पाट्या नव्या. लसीला फ्रीज आहे तर लाईट नाही. टँकर आला की आमचे साहेबसुद्धा घागर घेऊन पळतात. तुझ्याकडं येताना एसटी पंक्चर झाली, लसीच्या डब्यातल्या बर्फाचं पाणी झालं, हे मी बोललोच नाही. पण ती सुकी पावडर असते अक्का! बंद कुपीत गरमी सोसते, पुस्तकात वाचलंय. तरी झोप येईना. लगेच लिही.

माया इथल्या विहिरीसारखी आटू देऊ नकोस.
सिद्धू

उमरी, ८ मे

चि. सिद्धरामास अक्काचे लई आशीर्वाद.

फोड न्हाई, पुळी न्हाई. दंड लोण्यासारखा साफ. सासूबाई खूष, लेकराला काही बाधलं न्हाई म्हणतात. मी मात्र घाबरून राहिले. तुझे दाजी उंबऱ्याबाहेरून कमळीला बघतात, तोंडाला उपरणं लावून जातात. अजून एकदाबी मांडीवर घेतलं न्हाई. कॉन्व्हेंटात एवढा शिकलास, मग बर्फ का रं सांभाळता आला न्हाई?

जीव लावतोस तसाच लाव.
तुझी अक्का

लातूर, १३ मे

ती. अक्कास शि. सा. न.

डोकं फिरलंय. तुझ्याकडून परत आणलेल्या बंद कुप्या मी देवणीच्या लेकरांना वापरल्या होत्या. तोच डबा, तीच गरमी. साहेबांना सांगितलं, त्यांनी झाप झाप झापलं. जीपनं देवणीला गेलो, झबली वर करून दंड बघितले. सगळ्यांना फोड! मग आपल्याच घरी काय झालं? तो दिवस आठव. पाणी मिसळलं की लस नाजूक होते, उन्हात तर मरतेच. मी मिसळून लगेच टोचली ना?

उत्तराकडं डोळे लावून बसलेला,
सिद्धू

उमरी, १९ मे

चि. सिद्धरामास आशीर्वाद.

लगेच कुठलं रे! पाणी मिसळलंस, अन् सासूबाई आडव्या आल्या. माहेरचा माणूस जेवल्याबिगर लेकराला शिवत न्हाई, आमच्याकडची रीत. तू कुपी खिडकीत ठेवलीस. धपाटे हाणलेस, वर दही मागून घेतलंस, नव्या जिल्ह्याच्या गप्पा ठोकत बसलास. खिडकीत ऊन भरलेलं.

सासूबाईंना पत्र वाचून दाखवलं. त्यांनी उठून खिडकीला पोतं ठोकलं.

रागावू नकोस. ये.
तुझी अक्का

लातूर, २३ मे

ती. अक्कास शि. सा. न.

लस गरमीत टिकली, मीच धपाट्यांपुढं टिकलो नाही! पुढच्या बुधवारी येतो. आधी कमळीला दवाखान्यात दाखव, डॉक्टर हो म्हणाले तरच पुन्हा टोचू. सासूबाईंना नमस्कार, अन् या खेपेला ताट नंतर.

भाचीचा वेंधळा मामा,
सिद्धू

उमरी, २७ जून

चि. सिद्धरामास उदंड आशीर्वाद.

उठली रं गाठ! सासूबाई गल्लीभर दंड दाखवून राहिल्यात. तू पुन्हा टोचलंस त्या दिवशी त्यांनी तुला पाणीसुद्धा विचारलं न्हाई, चुलीकडं तोंड करून बसल्या. रीत मोडताना डोळ्याला पदर होता. तुला दिसलं न्हाई, तू कुपीवर सावली धरून होतास.

तुझ्या दाजींची थुंकी परत तपासली, साफ आली. डॉक्टर म्हणाले, आता घ्या लेकराला. काल त्यांनी कमळीला मांडीवर घेतलं, अन् श्वासच रोखून बसले. मी म्हणलं, आता तरी सोडा की.

येत राहा, धपाटे वाट बघून राहिलेत.
तुझी अक्का